वॉर्ड सिस्टरचा, सही साहेबांची

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी, रात्री दीड-दोनच्या सुमारास, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. एका भागातली ७ बाहेर काढता आली, दुसऱ्या भागातली १० गेली. काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. ही हकिगत आपल्या जिल्ह्याला तोंडपाठ आहे आणि ती पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. बोलायचे आहे ते त्यानंतर जे झाले त्याबद्दल. चौकशी झाली. त्याच महिन्यात सरकारने कारवाई जाहीर केली. त्यात जिल्हा शल्यचिकित्सक होते, डॉक्टर होते आणि परिचारिकाही होत्या. कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला.

त्या रात्री कोण कुठे होते, कोणाची चूक किती, हा न्यायालयाचा विषय आहे. त्यात पडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एक साधा प्रश्न कोणीही विचारू शकतो. त्या कक्षात परिचारिकेच्या हातात नेमके काय होते?

सरकारी रुग्णालयाचा कारभार ज्यांनी आतून पाहिला आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. वॉर्डाच्या किल्ल्या तिच्याकडे. डेड स्टॉक रजिस्टर तिच्याकडे. म्हणजे खाटा किती, गाद्या किती, बादल्या किती, याचा हिशेब तिचा. थर्मामीटर फुटला तर भरपाई द्यावी लागल्याच्या आठवणी जुन्या सिस्टर आजही सांगतात. काही हवे असेल तर ती इंडेंट बुकात लिहिते. मंजुरीची सही साहेबांची. विजेचे काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे, यंत्रांची देखभाल कंत्राटदार कंपनीकडे, अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात. भंडाऱ्यातल्या आगीचे कारण बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधला विजेचा बिघाड असल्याचे तेव्हा पुढे आले. आता बघा, त्या वॉर्मरचा उपयोग करणारी ती, त्याच्याशेजारी रात्र काढणारी ती. पण तो कोणता घ्यावा, कुठे ठेवावा, एका बोर्डावर किती जोडावेत, कधी बंद करून दुरुस्तीला पाठवावा, यातल्या एकाही गोष्टीवर तिचा शब्द शेवटचा नाही. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य. ही व्यवस्था कोणी एका दिवसात बसवलेली नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

इतिहासाची सुरुवात करावी लागते ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून. आपल्याकडे तिचे चित्र एकच, हातात दिवा घेतलेली करुणामूर्ती. प्रत्यक्षात ही बाई आकडेमोडीत आणि कारभारात पक्की होती. १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी स्कुटारीला गेली, आणि १८६० मध्ये तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणाची शाळा काढली. तिचा आग्रह असा होता, की परिचारिकांवर हुकूम चालेल तो एका प्रशिक्षित स्त्रीचा, मेट्रनचा. डॉक्टरांनी उपचार सांगावेत. पण परिचारिकांची नेमणूक, शिस्त आणि काम हे मेट्रनने पाहावे. त्या काळात ही फार मोठी मागणी होती. परिचर्या हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचा कारभार ते जाणणाऱ्यांच्याच हाती हवा, हे त्यात मान्य झाले. अर्थात या नाण्याला दुसरी बाजू होती. मेट्रनचा अधिकार लष्करी थाटाचा होता. मेट्रनला आवाज मिळाला, तिच्या हाताखालच्या पोरींना मात्र मान खाली घालूनच उभे राहावे लागले.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आली नाही, तरी इथल्या रुग्णालयांत परिचर्या कशी असावी यावर तिने १८६५ मध्ये सूचना लिहून पाठवल्या होत्या. १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी इंग्लंडहून प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईत उतरली. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत यांनी परिचारिकेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून त्यांचे नाव येते. त्यांच्याविषयी आपल्याकडे याहून अधिक काही लिहिले गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मेट्रनची पद्धत रुजली ती मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्याचे सर्वेसर्वा म्हणजे सिव्हिल सर्जन. रुग्णालय त्यांचे, शवविच्छेदन त्यांचे, पुष्कळदा तुरुंगाची देखरेखही त्यांचीच. वैनगंगेच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश मिशन आले, दवाखाना निघाला, अनाथालय निघाले. आपल्याकडच्या हिंदू-मुसलमान घरांतून मुली या कामाला येणे शक्यच नव्हते. परक्याच्या मलमूत्राला हात लावायचा, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे! म्हणून पहिल्या परिचारिका आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती समाजातून. ‘सिस्टर’ ही आपली हाकसुद्धा मठातल्या भगिनींपासून आलेली.

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुणे सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यावर टीका झाली, कुजबुज झाली. रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा मुलींसाठी वसतिगृहाची सोय केली. आज कामाच्या ठिकाणचे वातावरण वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. रमाबाईंना ते शब्द ठाऊक नव्हते. पण सुरक्षित खोली, वेळेवर जेवण आणि पाठीशी उभी राहणारी एक वडीलधारी बाई असल्याशिवाय मुलगी या कामात टिकणार नाही, हे त्यांना पक्के कळले होते.

कायद्याने मान मिळाला तो हळूहळू. मध्य प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३६ मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला आणि राज्याच्या परिचर्या परिषदेवर परिचारिकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची तरतूद झाली. म्हणजे नोंदवही, परीक्षा आणि शाळांची मान्यता यांत परिचारिकेला मत आले. वॉर्डात मात्र आले नाही. लाखांदूरची परिचारिका राज्याच्या परिषदेसाठी मतदान करू शकते. पण तिच्या वॉर्डात उद्या एका पाळीला किती जणी असाव्यात, हे तिला कोणी विचारत नाही.

संख्येचा हा विषय जुनाच. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात लिहिले, की देशात प्रशिक्षित परिचारिका सुमारे ७ हजार आहेत, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने निकष ठरवले. शिकवण्या-शिकण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. हे ‘रजा राखीव’ प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. परिचारिकाही आजारी पडते, बाळंत होते, तिलाही साप्ताहिक सुटी असते. तेव्हा शंभर जणींचे काम असेल तर एकशे तीस नेमल्या पाहिजेत, तरच रोज शंभर हजर राहतील. कागदावर हे सोपे गणित आहे. पण काटकसर करायची वेळ आली की पहिल्यांदा कापले जातात ते हे तीस, कारण ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग एक जण रजेवर गेली की दुसरीची सुटी रद्द. एका पाळीत दोघी हव्यात तिथे एक. १९८७ मध्ये केंद्र सरकारने परिचर्या व्यवसायासाठी सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. कामाचे तास, निवास, पदोन्नती यांबरोबरच परिचर्येच्या कारभाराला वरपर्यंत स्वतंत्र स्थान हवे, असे तिचे म्हणणे होते. आपल्याकडच्या समित्यांचे अहवाल कपाटात किती सुखाने झोपतात, ते निराळे सांगायला नको.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली घटना मात्र झोपू शकली नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका ड्यूटी संपल्यावर तळघरातल्या खोलीत कपडे बदलत होती. कपडे बदलायला धड खोली नसणे, ही या कथेची सुरुवात आहे, हे आपण विसरतो. तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. तिचा मेंदू कायमचा निकामी झाला. मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. मागण्या अगदी साध्या होत्या. आम्हाला काम करताना सुरक्षितता द्या, आणि अरुणाची नीट काळजी घ्या.

त्यानंतर ४२ वर्षे के.ई.एम.च्या परिचारिकांनी तिला सांभाळले. न्हाऊमाखू घातले, भरवले, आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवण्याची हालचाल झाली तेव्हा परिचारिका उभ्या राहिल्या आणि ती मागे घ्यावी लागली. मग तिच्यासाठी दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की अरुणाची खरी सुहृद ठरते ती तिला वर्षानुवर्षे सांभाळणारी के.ई.एम.ची माणसे, तिच्याविषयी असा निर्णय मागायचा तर तो अधिकार त्यांचा. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेली. या निकालाची चर्चा दयामरणाच्या अंगाने खूप झाली आणि व्हायलाच हवी होती. माझ्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्टही तेवढीच मोलाची आहे. जी रोज हाताने सेवा करते, तिच्या मताला निर्णयात जागा आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. फरक एवढाच, की ते मान्य व्हायला एका परिचारिकेला रुग्ण व्हावे लागले.

याच सुमारास दूर अमेरिकेत वेगळ्या वाटेने हाच विचार पुढे जात होता. तिथे १९८०च्या आसपास परिचारिकांचा मोठा तुटवडा पडला. रुग्णालये जाहिराती देऊन थकली. तेव्हा तिथल्या परिचर्या अकादमीने उलटा प्रश्न विचारला. परिचारिका सोडून का जातात, हे राहू द्या; काही रुग्णालयांतून त्या जात का नाहीत, ते पाहू. १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पगार हे काही एकमेव कारण निघाले नाही. तिथे परिचारिकांचे ऐकले जात होते, त्यांच्या कामाचे निर्णय त्यांच्या हाती होते. लोहचुंबकासारखी माणसे धरून ठेवणारी म्हणून या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ हे नाव पडले. त्याच काळात टिम पोर्टर-ओग्रेडी या परिचर्येतल्याच अभ्यासकाने ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ची मांडणी केली. आपण त्याला वाटून घेतलेला कारभार म्हणू.

हा प्रकार म्हणजे युनियन नव्हे आणि सूचनापेटीही नव्हे. युनियन मागणी करते, सूचनापेटीत चिठ्ठी पडते. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचा. इथे प्रत्येक वॉर्डातून परिचारिका आपली प्रतिनिधी निवडतात, त्यांची मंडळे असतात, आणि ठरावीक विषयांत मंडळाचा निर्णय हाच रुग्णालयाचा निर्णय असतो. जखमेची पट्टी कोणत्या पद्धतीने करायची, नव्या मुलीला किती दिवस एकटीने रात्रपाळी द्यायची नाही, कोणते यंत्र वॉर्डाला सोयीचे, पाळीपत्रक कसे लावायचे, असे ते विषय. निर्णय चुकला तर उत्तर मंडळानेच द्यायचे. अधिकार आणि जबाबदारी एकाच ओच्यात बांधायची, एवढेच त्याचे सार. हे करून रुग्णाचे काय भले होते, असे कोणी विचारील. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक जादा रुग्ण आला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. तेव्हा एका पाळीला किती जणी, हा प्रश्न केवळ परिचारिकांच्या सुखसोयीचा नाही. तो खाटेवरच्या माणसाच्या जिवाचा आहे.

अमेरिकेचे अमेरिकेला, असे म्हणून हे झटकता येणार नाही. आपल्या भंडाऱ्याला हा धडा तलावांनी कधीच शिकवला आहे. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारांच्या ताब्यात असलेले तलाव जोवर गावाच्या हाती होते, तोवर पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कधी काढायचा, पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे, हे गावातच ठरत असे. पाणी सोडणारा पाणकर गावाला उत्तर देई. मालगुजारी गेली हे उत्तमच झाले, तो काही रामराज्याचा कारभार नव्हता. पण १९५०च्या कायद्यानंतर तलाव सरकारजमा झाले आणि पाळ फुटली तर ती बांधायची कोणी, हा प्रश्न गावातून उठून कार्यालयात गेला. पाणी वापरणारा एक, निर्णय घेणारा दुसरा. मामा तलावांत साचलेला गाळ त्या अंतराचाच आहे.

सरकारी रुग्णालयांत या दिशेने काहीच घडले नाही, असे नाही. ११ डिसेंबर २०१७ रोजी केंद्राने प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रसूतिकक्षाचे गुणवत्ता मंडळ असते आणि डॉक्टरांबरोबर परिचारिकाही त्यात बसून आपल्या कक्षातल्या उणिवा शोधतात. त्यात बाळंतिणीच्या टेबलाभोवती पडदा हवा, औषधांचा ट्रे असा लावलेला हवा, अशा बारीकसारीक गोष्टी येतात. पण कारभार बारीकसारीक गोष्टींतच असतो. अशी बैठक प्रत्येक कक्षात का नसावी?

अडचण आहे ती दुसरीकडे. बैठकीत तोंड उघडायला पायाखाली जमीन लागते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेला साधारण ११ महिन्यांचा करार मिळतो, मग खंड, मग नवा करार. काम नियमित परिचारिकेचेच, रात्रपाळीही तीच. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तो मुख्यतः बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत, परिचारिका भरण्याच्या विरोधात. तेव्हा पुष्कळांना तो केवळ पगाराचा लढा वाटला. एजन्सीने पाठवलेली मुलगी वॉर्डातले स्विचबोर्ड गरम होते म्हणून कोणाकडे लेखी तक्रार करणार? रुग्णालयाकडे केली तर रुग्णालय म्हणणार, तू आमची नाहीस. एजन्सीकडे केली तर एजन्सी म्हणणार, बोर्ड आमचे नाही.

भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या करोना अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. तिथेही वरिष्ठांचे निलंबन झाले. आणि अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. राज्यातल्या परिचारिकांनी तेव्हा काळ्या फिती लावल्या, निदर्शने केली. इमारतीची वायरिंग आम्ही केली होती का, असा त्यांचा साधा सवाल होता.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, व्यवसायाचे नियम हे त्याचे विषय. वॉर्डातला कारभार मात्र कोणत्याही कायद्याच्या वाटेकडे डोळे लावून न बसता एखाद्या जिल्हा रुग्णालयालाही बदलता येईल. महिन्यातून एकदा प्रत्येक कक्षाच्या परिचारिकांची बैठक, नियमित आणि कंत्राटी दोघींची. बांधकाम विभागाचा वीज अभियंता आणि यंत्रे सांभाळणाऱ्या कंपनीचा माणूस त्या बैठकीत हजर. सदोष यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार परिसेविकेला, आणि ते पुन्हा सुरू करायचे तर तिच्या सहीशिवाय नाही. इंडेंट नाकारले तर का नाकारले, ते त्याच वहीत, त्याच पानावर लिहायचे, आणि लिहिणाऱ्याने खाली आपले नाव घालायचे. या सगळ्याला खर्च येईल तो फक्त एका वहीचा.